आवाज चढला की गियर

ड्रायव्हर लोकांचे किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साचतात. सीटखाली जशा चिंध्या, पाने, पक्कड आणि विडीची थोटकं साचतात, तसे. सीट उचलायचा अवकाश, सगळं बाहेर! आता तुम्ही सहज विचारलंत, 'अण्णा, डिझेल गाडीचा गियर नेमका कधी बदलायचा हो?' ह्या एका प्रश्नावर आमची उमर गेली आणि तुम्हाला उत्तर दोन मिनिटांत पाहिजे. ते मिळणार नाही.

एक आधीच सांगून ठेवतो. ह्या किश्श्यांत कुणाचाच कुणावर विश्वास नाही. मालकाचा ड्रायव्हरवर नाही, ड्रायव्हरचा मालकावर नाही, पॅसेंजरचा तर दोघांवरही नाही. तुम्ही माझ्यावर ठेवा, न ठेवा. चहा मात्र सांगा.

निजामाचं राज्य होतं. मोठी लढाई नुकतीच संपली होती. गुलबर्ग्यात बसप्पा सावकारांची डाळीची गिरणी होती, आणि गिरणीच्या तीन लॉऱ्या. बिदर, मन्नाएखेळ्ळी, हुमनाबाद ह्या बाजूची तूर भरून गुलबर्ग्याला आणायची. जाताना मीठ, गोडतेल, कापड न्यायचं आणि वर पोत्यांवर चार माणसं बसवायची. ड्रायव्हर आम्ही तिघं. मी गणपत, जनवाड्याचा. दुसरा शरणप्पा, माझ्याच वयाचा, तोंडाला कुलूप नसलेला. तिसरे खाजाभाई. ते आमच्याहून पुष्कळ मोठे. मला आणि शरणप्पाला स्टेअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं.

आणि सावकार? संशय घेणं हा सावकारांचा मुख्य धंदा. डाळ हा जोडधंदा.

* * *

पहिल्या दोन लॉऱ्या पेट्रोलच्या. त्यांचा गियर आम्हाला झोपेत जमायचा. रेटायची, रेटायची, इंजिन बोंबलायला लागलं की टाकायचा वरचा. मग सावकारांनी तिसरी आणली, डिझेलची; ती तिघांनी पाळीपाळीनं चालवायची. आणि आमची सगळी विद्या पाण्यात गेली!

डिझेलचं इंजिन बोंबलेपर्यंत थांबायचंच नसतं. ते गुरगुरतं. गुरगुर जरा चढली की लगेच वरचा गियर. उशीर केलात तर नुसता काळा धूर आणि तेलाची नासाडी. चढावर उलटं, गाडीला धाप लागायच्या आधी खालचा टाकायचा. धाप लागल्यावर टाकाल तर ती तिथंच बसते. उताराला ज्या गियरमध्ये चढला असता त्याच गियरमध्ये उतरायचं.

आणि त्या काळचा गियर नुसता दांडा ओढला म्हणून पडत नव्हता बरं का. क्लच दाबायचा, दांडा मधे आणायचा, क्लच सोडायचा, इंजिनाचा आवाज जुळेपर्यंत कान देऊन थांबायचं, परत क्लच दाबायचा, मग दांडा. जुळलं तर आपसूक आत. नाही जुळलं तर 'खर्रर्रर्र!' आतले दात दातांवर घासायचे. सगळा खेळ कानाचा!

सावकारांनी आम्हाला ओट्यासमोर उभं केलं.

"हे बघा, ह्या गाडीचे दात लई दुरून येत्यात. ज्याच्या हातनं दात तुटंल, त्यानं सीटवरनं उतरायचं ते थेट घरी जायचं. कोण किती जुना हाय, म्या बघणार न्हाई."

शरणप्पाला घरी शेती होती. मला दोन भाऊ होते. खाजाभाईंना काय होतं? ती सीट, आणि गिरणीच्या मागची एक खोली, तीही सावकारांनीच राहायला दिलेली. तिथं ते आणि त्यांची बायको. सीट गेली की खोली गेली. आणि त्या वयाच्या ड्रायव्हरला दुसरं कोण ठेवून घेणार? खाजाभाई "हौ सावकार" म्हणाले आणि बाहेर येऊन त्यांनी विडी उलट्या बाजूनं पेटवली.

मी म्हटलं, "खाजाभाई, तुम्हाला कसली काळजी? तुम्ही तर उस्ताद!"

ते विडी ओढत तसेच पुढं निघून गेले. मला वाटलं, म्हातारा रुसला.

* * *

सावकारांचे कान म्हणजे काय सांगू! गिरणीच्या अलीकडं एक टेकाड होतं आणि तिथून उतार थेट गिरणीच्या फाटकात. सावकार ओट्यावर बसायचे. मागं गिरणी धडधडतेय, समोर बाया डाळ पाखडत गप्पा मारतायत, आणि सावकार डोळे मिटून म्हणायचे, "शरण्या आला. सेकंड उशिरा टाकला भाड्यानं."

धुरळा खाली बसला की दिसायचं, शरणप्पाच!

एक दिवस शरणप्पाला अक्कल सुचली. मला म्हणाला, "गणप्या, आवाजच आला न्हाई तर म्हातारा वळखंल कसा?" त्यानं टेकाडाच्या माथ्यावर इंजिनच बंद केलं आणि भरलेली लॉरी उतारावरनं तशीच सोडली. ना गियर, ना गुरगुर. नुसता चाकाखालच्या खडीचा चुरचुर आवाज.

इकडं ओट्यावर सावकार ताडकन उठले. "गाडी माथ्यावर आली, आन् आवाज बंद? कामून बंद? तेल काढून विकायलाय!" असं ओरडत हातात काठी घेऊन ते चोराला धरायला फाटकातून बाहेर पळाले. आणि समोरून लॉरी!

शरणप्पाचे ब्रेक काही धरेनात. हॉर्न दाबायचं त्याला सुचलं नाही. त्यानं स्टेअरिंग फिरवलं आणि लॉरी फाटकाशेजारच्या भुसकटाच्या ढिगात नाकापर्यंत घुसली. सगळीकडं भुसकटच भुसकट. त्यातून सावकार पांढरेफेक होऊन पुढं आले आणि त्यांनी खिडकीतून पहिला प्रश्न काय विचारावा?

"कुठल्या गियरमध्ये हुतास?"

"कुठल्याच न्हाई, सावकार!" शरणप्पा म्हणाला. बिचारा खरं बोलला आणि पुढचा महिनाभर त्यानं फक्त शिव्या खाल्ल्या.

* * *

मग सावकारांना वाटायला लागलं की आम्ही गुलबर्ग्याजवळ नीट चालवतो आणि बाकी रस्त्यावर गाडीची वाट लावतो. गिरणीत कुजबूज झाली की सावकार आपल्या मेव्हण्याला वेषांतर करून लॉरीत बसवणार. मेव्हण्याला आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं. एवढंच कळलं की माणूस गोरा आहे आणि झोपेचं सोंग चांगलं घेतो.

हुमनाबादला शरणप्पाच्या लॉरीत पुढं एक गोरा माणूस येऊन बसला. पांढरी टोपी, काळा कोट. बसल्या बसल्या त्यानं डोळे मिटले.

शरणप्पानं मनात म्हटलं, सापडलास बेट्या!

त्या दिवशी शरणप्पानं जी गाडी चालवली, तशी त्यानं जन्मात कधी चालवली नव्हती. प्रत्येक गियर वेळेवर. आणि मेव्हण्याच्या लक्षात राहावं म्हणून वर मोठमोठ्यानं सांगायला लागला. "आता आवाज चढायलाय... टाकला थर्ड! आला का आवाज? न्हाई आला! आता चढ दिसायलाय... धाप लागायच्या आदीच सेकंड! घ्या!"

गुलबर्ग्याचं स्टेशन आलं. गोऱ्या माणसानं डोळे उघडले, बाहेर पाहिलं आणि शरणप्पाचा दंडच धरला.

"ही तर गुलबर्गा हाय की वो! मला बिदरला जायचं हुतं!"

आणि खरा मेव्हणा? तो वर पोत्यांवर होता, हमालाच्या वेषात, धुळीनं लाल झालेला. त्यानं खाली उतरून सावकारांना सांगितलं, "दाजी, गाडी झकास चालवतोय, पर डोस्क्यावर परिणाम झालाय. समदा रस्ता एकटाच बडबडायलाय."

* * *

मालकाचं सोडा. पॅसेंजर काय कमी संशयी होते?

मन्नाएखेळ्ळीची एक गंगाक्का होती. लेकीच्या बाळंतपणाला गुलबर्ग्याला निघालेली. म्हातारी माणूस म्हणून मी तिला पुढं माझ्याशेजारी बसवलं. तीच माझी चूक झाली. तिनं रस्ता बघितलाच नाही, ती माझे पाय बघत बसली.

"का रं ड्रायवरा, एकदा पाय दाबलास, सोडलास, परत कामून दाबायलास? इसरलास व्हय?"

"न्हाई अक्का. हिला दोनदा दाबावं लागतंय."

पुढचा गियर आला, मी परत दोनदा दाबला. तशी तिनं खिडकीतून मुंडकं बाहेर काढून वरच्या लोकांना ओरडून सांगितलं, "पोरगं पिलेलं हाय रं! पाय लटपटायलाय ह्येचा!"

झालं! वरून टपावर धडाधड हात पडायला लागले. गाडी थांबवावी लागली. लोकांनी मला खाली उतरवून माझं तोंड हुंगलं. एकेकानं, ओळीनं! शेवटी एक आजोबा म्हणाले, "कांदा हाय. दारू न्हाई." तेव्हा कुठं सुटका झाली.

मग मी रस्त्याच्या कडेला उभं राहून अक्काला सगळं समजावून सांगितलं. पहिल्यांदा दाबायचा ते गियर काढायला, दुसऱ्यांदा दाबायचा ते घालायला. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोनदा सांगावं लागतंय असला बैल आमचे मालक बाजारात नेऊन इकत्यात. आन् तुमच्या सावकारानं तसलंच इकत आणलंय व्हय!"

तिथून पुढं अक्का मोजायला लागली. मी क्लच दाबला की "एक!" परत दाबला की "दोन! हां, चल." मला इतकी सवय झाली की तिच्या 'दोन'ची वाट बघायला लागलो. गुलबर्ग्याजवळ सपाट रस्त्यावर गडबडीत मी एकदाच दाबून दांडा ओढला. खर्रर्रर्र!

"एकच झाला! थांब, एकच झाला!" अक्का किंचाळली.

खरंच एकच झाला होता. मी दुसऱ्यांदा दाबला.

* * *

त्या दिवसांत जवारी तालुक्याबाहेर न्यायला बंदी होती. परवाना लागायचा. रस्त्यावर एका चढाच्या माथ्यावर नाका होता आणि नाक्यावर एक नाकेदार. हा गडी खुर्चीवरनं उठायचाच नाही. त्यानं स्वतःची अशी युक्ती काढली होती. रिकामी लॉरी तो चढ थर्डमध्ये चढते. भरलेलीला सेकंड टाकावाच लागतो. म्हणून हा नुसता आवाज ऐकायचा. थर्डमध्ये आली की खुर्चीतूनच हात हलवायचा, "खाली है, जाने दो!" सेकंडमध्ये आली की शिट्टी!

आता मी एकदा रिकामी लॉरी घेऊन चाललो होतो. आमच्या डिझेलचं इंजिन त्या दिवशी जरा दमेकरी होतं, म्हणून चढाला लवकरच सेकंड टाकला. शिट्टी!

नाकेदार आला, मागं डोकावला. रिकामं. तुम्हाला वाटेल, सोडलं असेल. छे! त्याचा संशय दुप्पट झाला.

"खाली गाडी और सेकंड में? कायकू? कुछ तो छुपाया तुम!"

मग सीट काढली. हत्यारांची पेटी उलटी केली. जादा चाकाला ठोकून बघितलं. माझी भाकरी सोडून तिच्यात हरभऱ्याएवढीही जवारी दडवता येणार नाही, हे त्याला दिसत होतं, तरी त्यानं ती मोडून बघितली!

दुसऱ्या दिवशी माझ्या लॉरीत खरंच जवारी होती. परवाना खिशात होता, सगळं रीतसर. पण मला आदल्या दिवसाचा राग होता. मी लांबून वेग घेतला आणि दात-ओठ खात भरलेली लॉरी थर्डमध्येच माथ्यावर नेली. नाकेदारानं खुर्चीतून हात हलवला, "खाली है, जाने दो!"

ही गोष्ट मी शरणप्पाला सांगितली. शरणप्पाला सांगितली म्हणजे सगळ्या सडकेला कळली. पुढच्या आठवड्यात चोरून जवारी नेणाऱ्या परक्या लॉऱ्यांनी भरल्या गाड्या थर्डमध्ये चढवायचा घाट घातला. एक चढाच्या मध्यावर धापा टाकून बंद पडली, तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी. नाकेदार चालत खाली आला आणि त्यानं तिन्ही जागच्या जागी धरल्या.

त्याला कुणीतरी विचारलं, "साब, कैसे समझा?"

तो कानावर बोट ठेवून म्हणाला, "आवाज आना बंद हो गया ना!"

* * *

आता खाजाभाईंकडं येतो. हसता हसता इथंच आमच्या तोंडाला कुलूप बसलं.

खाजाभाईंचं वागणं बदललं होतं. गाडी चालवताना वहाणा काढून ठेवायचे. डावा हात दांड्यावरनं उचलायचेच नाहीत. शेजारच्यानं तोंड उघडलं की हात वर करायचे, "बाताँ नक्को." चहाच्या दुकानात आमच्याकडं पाठ करून बसायला लागले. पूर्वी हाच माणूस आम्हाला एकेक गियर गाऊन दाखवायचा!

शरणप्पानं निकाल दिला, "म्हातारा सावकाराला फितूर झालाय. आपलं समदं तिकडं पोचवायलाय."

मलाही पटलं. आम्ही परीक्षा घ्यायची ठरवली. खाजाभाईंच्या पाठीमागं बसून शरणप्पा मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "गणप्या, उद्या मी एक डबा डिझेल इकणार हाय." आता हे सावकारांच्या कानावर जाणार म्हणून आम्ही वाट बघितली. काहीच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी शरणप्पानं त्यांच्या पाठीमागं सावकारांना, मेव्हण्याला, दोघांच्या सात पिढ्यांना ऐकवता येणार नाही असं बोलून घेतलं. तरी काही नाही.

"लई पक्का माणूस!" शरणप्पा म्हणाला. "पोटातलं ओठावर येऊ देईना."

मग मला चेव आला. मी खाजाभाईंच्या अगदी मागं जाऊन म्हटलं, "खाजाभाई, हलू नका. तुमच्या पायाजवळ इंचू हाय."

खाजाभाईंनी बशी उचलली, फुंकर घातली आणि चहा पिऊन टाकला.

शरणप्पा हसायच्या बेतात होता. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. मी फिरून त्यांच्या समोर गेलो. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांना सगळं कळलं.

"कबसे, खाजाभाई?" मी ओठ हलवून हळू विचारलं.

"पिछली बरसात से," ते म्हणाले. "पयले सीटी बजती थी कान में. फिर वो भी बंद."

"मग गियर कसा टाकता?"

त्यांनी अनवाणी पाय पुढं केला. इंजिनाची थरथर तळपायाला कळते म्हणाले. दांड्याची हाताला कळते. चांगल्या सडकेवर काही अडचण नाही. पण खडी आली, खड्डे आले की सगळी गाडीच थरथरते, मग त्यातली इंजिनाची कोणती हे पायाला उमगत नाही. तिथं नशिबावर टाकतो म्हणाले.

"सावकार कू नक्को बोलो," त्यांनी माझा हात धरला. "खोली जाती बाबा. बुढ्ढी कू लेके कहाँ जाऊँ?"

एवढ्या मोठ्या उस्तादानं माझा हात धरून असं बोलावं! मला रडू आलं, खोटं कशाला सांगू? शरणप्पा तर उठून लॉरीमागं गेला आणि तिथंच नाक शिंकरत राहिला.

* * *

आणि नेमकं त्यानंतर गिरणीच्या मिस्त्रीनं डिझेल लॉरीचं गियरचं तेल काढलं. बोटांत चोळून बघितलं. तेलात लोखंडाचा कीस चमकत होता.

सावकारांनी तिघांना बोलावलं. "कुणाच्या हातनं दात घासायलेत?"

आजवर असं काही विचारलं की आम्ही ताबडतोब एकमेकांची नावं सांगायचो. शरणप्पा माझं, मी शरणप्पाचं. त्या दिवशी मी जमिनीकडं बघत उभा राहिलो. शरणप्पाही. खाजाभाई सावकारांच्या ओठांकडं.

सावकारांनी डोळे बारीक केले. "कुणीच कुणाचं नाव घेईना? मंजे लईच मोठं कायतरी हाय! ठीक हाय. म्या सोता बसतो तिघांबरूबर. ज्याचा खर्र वाजंल, त्यो घरी."

शरणप्पाबरोबर गेले. शरणप्पानं तोंड शिवून गाडी चालवली, सुटला. माझ्याबरोबर आले. माझा एकदा वाजता वाजता राहिला. उतरताना म्हणाले, "कच्चा हाईस. पर ह्यो कीस तुझा न्हवं."

म्हणजे राहिलं कोण?

मी एक बेत केला. हुमनाबादहून तूर भरून निघायचं होतं. टायर फुटलं तर हाताशी माणूस पाहिजे, असं सांगून मीही पुढं बसणार. मी मधे, खाजाभाईंना चिकटून. आवाज चढला की मी गुडघ्यानं त्यांच्या मांडीला डिवचायचं, की त्यांनी गियर टाकायचा. दोघांनी उभ्या गाडीत करूनही बघितलं. झकास जमलं!

सावकार आले. मी मधे बसलेला बघितला.

"तू हिकडं सरक दाराकडं," ते म्हणाले. "मधी म्या बसतो. दांड्याजवळ."

मी दाराकडं सरकलो. खाजाभाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, वहाणा काढल्या आणि गाडी सुरू केली.

हुमनाबादपासूनची सडक तशी बरी होती. फर्स्ट, सेकंड, थर्ड, टॉप. एकही आवाज नाही. मी मनातल्या मनात माणिकप्रभूंना हात जोडत होतो. दोन-तीन मैल गेलो असू, सावकार एकदम म्हणाले, "थांबव."

खाजाभाई कुठले थांबतात! ते रस्त्याकडं बघत चाललेले. मी घाईघाईनं सावकारांच्या पुढून हात लांब करून काचेसमोर हलवला. तेव्हा ब्रेक लागला. सावकारांनी माझ्या हाताकडं बघितलं. मग खाजाभाईंकडं.

"मागं ताडपत्रीचा दोर सुटलाय. फडफडायलाय. बांध जा," मला म्हणाले.

मला काही ऐकू आलं नव्हतं. खाली उतरून बघतो तर खरंच एका टोकाची गाठ सैल झाली होती, वीतभर दोर हलत होता. ती गाठ बांधताना माझ्या डोक्यात एकच होतं. असले कान आणि त्यांच्या मांडीला लागून तो दांडा!

कमलापूरच्या अलीकडं सडक उखडलेली होती. सगळी खडी वर आलेली आणि त्यातच चढ. लॉरी खडखडायला लागली. मी खाजाभाईंच्या पायाकडं बघितलं. बोटं फळीवर नुसती चाचपडत होती. इंजिन धापा टाकायला लागलं. आता टाका खाजाभाई, आता! माझ्या मनातलं त्यांना कुठून ऐकू जाणार? उशीर झाला. मग त्यांनी क्लच दाबला, सोडला, परत दाबला आणि दांडा ओढला.

खर्रर्रर्रर्रर्र!

समोरून येणाऱ्या गाडीचे बैल बुजून सडकेखाली उतरले. गाडीवान तोंड उघडं टाकून बघत राहिला. खाजाभाईंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. त्यांना वाटलं, पडला! दांडा उसळून बाहेर आला. त्यांनी परत टाकला. खर्रर्रर्र! आता तर माझ्या पायाखालची फळी हादरली. तिसऱ्यांदा कुठं तो बसला आणि लॉरी चढाला लागली.

मी मान वर केली नाही. म्हटलं, संपलं सगळं. आता हा माणूस इथंच गाडी थांबवून म्हाताऱ्याला उतरवणार.

सावकार खिडकीबाहेर बघत होते.

"औंदा तूर चांगली फुललीया," ते म्हणाले.

मी "व्हय जी" म्हटलं.

गिरणीत सगळे फाटकाशी येऊन उभे होते. शरणप्पा, मिस्त्री, हमाल, डाळ पाखडणाऱ्या बाया. खोलीच्या दारात खाजाभाईंची बायको पदर तोंडाला लावून उभी होती. मेव्हणा सगळ्यांच्या पुढं.

मी आधी उतरलो. सावकार सावकाश उतरले. धोतर झटकलं, टोपी काढून धूळ झटकली, परत घातली.

"काय दाजी?" मेव्हण्यानं विचारलं. "वाजला का खर्र?"

सावकारांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं.

"मला काय इचारायलास? माझं वय झालंय आता," ते म्हणाले. "माझं कान गेलं. मला काय सुदिक ऐकू येत न्हाई."

आणि ते तडक ओट्याकडं निघून गेले.

खाजाभाई लॉरीतून खाली उतरले, वहाणा पायात घातल्या आणि घाबऱ्याघाबऱ्या माझ्या तोंडाकडं बघत त्यांनी विचारलं,

"सावकार क्या बोले रे, गन्पत?"